एकाच फायबर लेसरवर किती कामं निघतील? (कुडाळ)

दर्याकाठ: कुडाळ एमआयडीसीत फॅब्रिकेशनचा गाळा आहे. ट्रॉलरच्या स्टेनलेस फिटिंगवर नंबर, अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमच्या नेमप्लेट, डायवरचा (धातूच्या साच्यावरचा) गंज काढणं आणि सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर नावं, एवढं एकाच मशीनवर होईल का?

लोटे_टूलरूम: पहिली तीन होतील. लाकूड मात्र सोडा. फायबरचा किरण १०६४ नॅनोमीटरचा. लाकडावर तो फिकट, डागाळलेला उठतो आणि पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून आरपार जातो. त्यांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेसर लागतो, १०,६०० नॅनोमीटरचा. ती कामं बाहेरून करून घ्या.

धातूसाठी मोपा सोर्स (पल्सची लांबी बदलता येणारा फायबर लेसरचा प्रकार) बघा, ६० वॉट पुरे. साध्या, म्हणजे क्यू-स्विच सोर्समध्ये पल्स (किरणाचा एक झटका) साधारण १०० नॅनोसेकंदांवर अडकलेली असते, मोपात २ ते ५०० पर्यंत फिरवता येते. खरी किंमत त्याचीच. अ‍ॅल्युमिनियमवर काळं अक्षर हवं तर पल्स १० च्या आसपास आणि फ्रिक्वेन्सी चढी. खोल खोदायला किंवा गंज उडवायला २०० च्या वर, फ्रिक्वेन्सी ५० किलोहर्ट्झच्या आसपास. डाय मोठी असेल तर लेन्स बदला: १६० मिमी फोकल लांबीची लेन्स ११०×११० मिमी क्षेत्र देते, २५४ ची १७५×१७५. पण ठिपका पसरून ताकद अडीचपट उतरते, तेव्हा वेगही तेवढा कमी करा. गंज काढायचा पत्रा हातभर असेल तर या मशीनच्या नादी लागू नका.

दर्याकाठ: फिटिंग ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची आहेत. चालेल?

लोटे_टूलरूम: खाऱ्या हवेत ३०४ वर खोदलेला नंबर तांबूस होतो, कारण उष्णतेने वरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर मोडतो. समुद्रावर ३१६ च द्या. खोदू नका, कमी उष्णतेत नुसतं काळं करा. मग ४ ते १० टक्के सायट्रिक आम्लात वीस मिनिटं बुडवून स्वच्छ पाण्याने धुवा. आधी तुकड्यावर बघा, कधी कधी काळा रंग फिका पडतो.

मालवणी_वेल्डर: दोन गोष्टी राहिल्या. पावसाळ्यात एसी बंद करून खोली उघडली की थंड लेन्सवर दव धरतं, तसंच मशीन चालू केलं तर कोटिंग जळतं. अर्धा तास थांबा. आणि गॉगल १०६४ नॅनोमीटर, ओडी (किरण अडवण्याची क्षमता) ६+ लिहिलेलाच. सीओटूचा पारदर्शक गॉगल इथे काडीचा उपयोगी नाही. सनबोर्ड (पीव्हीसीचा फोम बोर्ड) कोणी आणला तर सरळ नाही म्हणा, पीव्हीसी जळून निघणारं हायड्रोजन क्लोराइड मशीनही खातं, फुप्फुसंही.