केस रिपोर्टला इतकं हलक्यात घेऊ नका
"केस रिपोर्ट म्हणजे एका पेशंटची गोष्ट, त्याला काय पुरावा म्हणायचं?" असं वर कुणीतरी लिहिलंय. उपचार ठरवायला तो पुरत नाही, हे मान्य. पण संशयाची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. १९८१ साली लॉस एंजेलिसमधल्या ५ तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची छोटीशी नोंद छापून आली, ती एड्सची पहिली चाहूल.

लांब कशाला, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचू चावलेले पेशंट बघता बघता नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. बीएमजे या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकातली रँडमाइज्ड ट्रायल (चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंट गटांत वाटून केलेली चाचणी) बरीच नंतरची, २०११ ची.

आपल्या कोल्हापुरात मण्यार सापाचा दंश घ्या. शेतवस्तीवर जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळा येतात म्हणून उठतो. सूज नाही, दंशाची खूणही बहुतेकदा दिसत नाही. पित्ताची गोळी देऊन घरी पाठवला की काही तासांत पापण्या जड, गिळता येईना, आणि मग श्वासच अडकतो. अशी एक नोंद वाचलेला पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) डॉक्टर पोट दाबायच्या आधी पापण्या बघेल.

मात्र केस रिपोर्ट छापताना फक्त पेशंटचं नाव गाळलं म्हणजे ओळख लपली, असं समजू नका. गाव, वय, तारीख दिली की अख्ख्या तालुक्याला पेशंट कळतोय की! छापण्याची लेखी संमती वेगळी घ्या, तीही मराठीत समजावून. ॲडमिट करताना घेतलेली सही इथं चालत नाही.