बीपीची गोळी वाढवल्यापासून बाबांचे पाय सुजतायत, काय करावं?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी, बाबांना (वय ६४) बरीच वर्षं बीपी आहे. अमलोडिपिन ५ चालू होती, पण वरचं बीपी सारखं १५० च्या पुढे यायला लागलं म्हणून डॉक्टरांनी १० ची केली. बीपी आलं खाली, पण आता संध्याकाळ झाली की दोन्ही घोटे सुजतात, मोजे काढले की इलॅस्टिकचा वळ तसाच राहतो आणि बोटाने दाबलं तर खळगा पडतो. सकाळी उठल्यावर पुष्कळ कमी असतं. बाबांनी मनाशी ठरवूनच टाकलंय की किडनी गेली, आणि कालपासून गोळी घेणारच नाही म्हणून हटून बसलेत. ओळखीतले एकजण म्हणतात लघवीची गोळी सुरू करा, सूज लगेच उतरेल. याआधी रॅमिप्रिल दिली होती तेव्हा कोरड्या खोकल्याने रात्र रात्र झोप नव्हती म्हणून ती बदलली. म्हणजे यांना कुठलीच गोळी सोसणार नाही का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, घरात सगळेच टेन्शनमध्ये आहोत.

अबोली:
माझ्या सासूबाईंचं अगदी सेम झालेलं. १० वर गेल्या आणि चपला घट्ट व्हायला लागल्या. डॉक्टरांनी परत ५ वर आणलं आणि जोडीला टेल्मिसार्टन दिली, हळूहळू सूज गेली आणि बीपी पण कंट्रोलमध्ये राहिलं. घाबरू नका, पण गोळी अशी परस्पर बंद नका करू देऊ, आजच डॉक्टरांना फोन लावा.

खडूफळा:
मी औषधशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अमलोडिपिनने रक्त पुढे नेणाऱ्या बारीक धमन्या सैल होतात, पण रक्त परत आणणाऱ्या शिरा तितक्या सैल होत नाहीत, मग मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूच्या भागात झिरपतं. दिवसभर उभं राहून, बसून ते खाली घोट्यात उतरतं, रात्री आडवं झालं की ओसरतं. तुम्ही सांगताय ते चित्र अगदी असंच आहे. डोस वाढला की हे वाढतं, औषधाच्या माहितीपत्रकातच ५ मिग्रॅला साधारण ३ टक्के आणि १० ला जवळजवळ ११ टक्के लोकांना सूज आल्याचं दिलेलं आहे.

आता लघवीच्या गोळीचं. इथे शरीरात पाणी जास्त झालेलंच नाहीये, ते फक्त चुकीच्या जागी गेलंय, त्यामुळे या सुजेवर लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, आणि वर सोडियम पोटॅशियम कमी व्हायचा धोका. टेल्मिसार्टन, लोसार्टन हा जो गट आहे तो शिरा पण सैल करतो म्हणून जोडीला दिला की सूज कमी होते, अबोलीताईंच्या सासूबाईंना तेच लागू पडलं असणार. काही डॉक्टर अमलोडिपिनच्या जागी सिल्निडिपिन देतात, तिच्यात सूज कमी येते.

आणि बाबांना हे नक्की सांगा. अमलोडिपिन शरीरातून फार सावकाश बाहेर जाते, त्यामुळे बंद केल्यावर पहिले एक-दोन दिवस बीपी ठीकच दिसतं आणि माणसाला वाटतं बघा गोळीची गरजच नव्हती. ते उरलेल्या औषधाच्या जोरावर असतं, नंतर चढतं.

तरी किडनीची शंका मनात ठेवू नका, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या म्हणजे त्यांचं पण समाधान होईल. सूज एकाच पायाला असेल आणि तो दुखत असेल, दम लागत असेल किंवा सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसत असेल तर मात्र हे गोळीचं म्हणून सोडून देऊ नका, लगेच दाखवा.

टिंबटिंब:
खोकल्याबद्दल, मला पण एनालाप्रिलने (रॅमिप्रिलच्याच गटातली गोळी) झाला होता. घशात सतत खवखव, कफ काही नाही, खोकल्याची किती औषधं झाली आणि बीपीच्या गोळीकडे कोणाचं लक्षच नाही. या गोळ्यांनी ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य साठतं त्याने होतो म्हणे, गोळी बदलल्यावर काही आठवड्यांत गेला. टेल्मिसार्टनने तसं होत नाही, त्यामुळे रॅमिप्रिल सोसली नाही म्हणून सगळंच सोसणार नाही असं अजिबात नाही.

अजून एक, आमच्या आईला बीपीसाठी क्लोरथॅलिडोन होती (ती लघवीच्या गोळ्यांतलीच), आई एकदम बावचळल्यासारखी करायला लागली, आम्हाला वाटलं वयाचं विसरणं, तपासलं तर सोडियम पार खाली. म्हणून म्हणतो ओळखीच्यांच्या सल्ल्याने ती गोळी नको. आणि बाबा गुडघ्याबिडघ्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने बीपी वाढतं, पाणी धरतं आणि टेल्मिसार्टनसोबत किडनीवर ताण येतो. आमच्याकडे कोणी विचारलंच नव्हतं हे.

पाऊलवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार, खडूफळा ताई तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं, उरलेल्या औषधाच्या जोरावर बीपी ठीक दिसतं ते त्यांना एकदम पटलं आणि गोळी घेतली. डॉक्टरांनी अमलोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४० केलीये, क्रिएटिनिन नॉर्मल आलं, लघवीत पण काही नाही. कंबरेसाठी डायक्लोफेनॅक अधूनमधून घेत होते ते बंद करायला सांगितलं. आता बाबा म्हणतात हिरड्या पण फुगल्यासारख्या वाटतात, त्याचाही गोळीशी संबंध असेल का?

खडूफळा:
वा, बरं वाटलं वाचून. हो, असू शकतो, अमलोडिपिनने काही जणांच्या हिरड्या वाढतात, दातांवर कीट असेल तर जास्तच. दातांच्या डॉक्टरांना दाखवताना ही गोळी चालू आहे हे आवर्जून सांगा, नीट सफाई केली की बऱ्याचदा फरक पडतो, नाही पडला तर गोळी बदलायचा विचार करता येतो. टेल्मिसार्टन नवीन आहे तर एक-दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन परत बघतात, ती तारीख डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि घरात कमी सोडियमवालं मीठ वापरत असाल तर त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम असतं, या गोळीसोबत ते चालेल का हेही त्याच वेळी विचारा.