रानपिंगळ्यासाठी सातपुड्यातले जंगल बंद करावे का?

रानवाट (धागाकर्ता): नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा हे छोटे घुबड दिसले आणि १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षांनी हा पक्षी शास्त्रीय नोंदींत परत आला. पुढे मेळघाट, यावल, तानसा, मध्य प्रदेश आणि डांगमध्येही त्याचा ठावठिकाणा लागला, म्हणून २०१८ मध्ये आययूसीएनने (निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) त्याला 'अतिसंकटग्रस्त' श्रेणीतून 'संकटग्रस्त' श्रेणीत आणले. पक्षी सावरला, असा याचा अर्थ काढला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. ठिकाणे अधिक कळली, एवढेच घडले आहे.

तोरणमाळच्या वाटेवर जानेवारीतल्या सकाळी नऊ वाजता मी त्याला सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर बसलेला पाहिला. चोचीत सापसुरळी होती आणि शेपटी सारखी हलत होती. साधा पिंगळा वस्तीच्या झाडांवरही निभावून नेतो, पण याला जुने पानझडी रान आणि ढोलीची, म्हणजे खोडात पोकळी असलेली झाडेच लागतात. त्यामुळे त्याच्या विणीचे पट्टे नांगरट, तोड आणि चराई यांना पूर्णपणे बंद करावेत, असे माझे ठाम मत आहे.

डोंगरपाडा: मी धडगाव तालुक्यातला, पावरा समाजातला आहे. अभ्यासकांना जो पक्षी ११३ वर्षे सापडला नाही, तो त्या सगळ्या काळात आमच्या माणसांच्या आणि गुरांच्या सोबतीने याच डोंगरांत जगत होता, ही गोष्ट आपण विचारात घेतलेली नाही. तो दाट झाडोऱ्यातला पक्षी नाही. त्याला विरळ रान आणि मोकळी जमीन लागते, कारण सरडे आणि उंदीर तिथेच हाती लागतात. चराई बंद केल्याने त्याचे भले होईल, हे कशावरून? आणि जंगलात राहणाऱ्यांना कसत्या जमिनीचा हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ साली झाला, तरी आमच्या पाड्यातले कितीतरी दावे अजून लोंबकळत आहेत. अशा वेळी 'बंद' हा शब्द आम्हाला फक्त हुसकावण्याचाच ऐकू येतो.

सागपान: वनखात्यात मी बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून दोघांच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट सांगतो. कूपतोडीत, म्हणजे जंगलाचा ठरावीक पट्टा तोडताना, वाळलेले, वाकडे, पोकळ झाड आधी काढण्याची आमची रीत होती, आणि नेमक्या अशाच झाडांत रानपिंगळ्याची ढोली असते. सरळसोट सागाची रांग कागदावर जंगल म्हणून शोभते, पण तिच्यात घरटे करायला एक भोक मिळत नाही. ढोली तयार व्हायला कित्येक दशके लागतात, आणि कुऱ्हाडीला अर्धा तासही पुरतो. दुसरा धोका वणव्याचा. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तो विस्तव कधी कधी डोंगरभर पसरतो आणि नेमके त्याच दिवसांत ढोलीत पिल्ले असू शकतात.

रानवाट: चराईबाबत माझी भूमिका घाईची होती, हे मान्य करतो. नांगरटीबाबत मात्र मी मागे हटणार नाही. मंजूर झालेल्या दाव्यांची जमीन ज्याची त्याला मिळालीच पाहिजे; परंतु डिसेंबर २००५ नंतर नव्याने फोडलेले रान त्या कायद्यातही बसत नाही, आणि डोंगरउतारावर एकदा झाडोरा गेला की रानपिंगळ्याला शेजारच्या रानाकडे जायला वाटच उरत नाही.

डोंगरपाडा: नव्याने फोडलेल्या जमिनीची बाजू मीही घेणार नाही, मात्र तिची मोजणी गावासमोर व्हावी. मोहाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी झाडून काढता येतो. आमच्या घरी आता तेच करतात. ढोलीची झाडे कुठे आहेत, हे गुराख्यांना ठाऊक असते. ती आम्ही दाखवू, पण त्यांची यादी ग्रामसभेच्या ठरावाने व्हावी आणि एकदा झाल्यावर त्यांना हात लावण्याची मुभा वनखात्यालाही नसावी. सामूहिक वनाचे रक्षण करण्याचा अधिकार कायद्याने ग्रामसभेला दिलेलाच आहे, तेव्हा बाहेरून कुलूप लावण्याला माझा विरोध कायम आहे.