मदत हवी आहे: लेकीची फी, १ ऑगस्टची अट आणि बेरिकचं घर

नमस्कार मंडळी,

एरवी मी नुसती वाचणारी, पण आज लिहायला बसलेय कारण घरात तोच तोच वाद घालून डोकं चालेनासं झालंय. स्कॉटलंडमध्ये राहणारे, किंवा मुलं युनिव्हर्सिटीत जायच्या सुमारास इथून इंग्लंडला शिफ्ट झालेले कोणी असाल तर प्लीज पूर्ण वाचा. लांबलंय, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही २०१२ पासून एडिंबरात आहोत. लेक तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती, आल्या आल्या ऑगस्टमध्ये प्रायमरी वनला बसली. आता एस सिक्समध्ये आहे, म्हणजे शाळेचं शेवटचं वर्ष. हायर्सचे (इथल्या बोर्डाच्या परीक्षेचे) मार्क चांगले आलेत आणि इथल्याच एका युनिव्हर्सिटीची बायोकेमिस्ट्रीची ऑफर हातात आहे, चार वर्षांचा ऑनर्स, सप्टेंबरला सुरू. सगळं मार्गी लागलं म्हणेपर्यंत नवऱ्याला न्यूकासलला नोकरी लागली. आधीची नोकरी नोव्हेंबरात गेली होती आणि चार महिने घरात काय वातावरण होतं ते ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांना सांगायला नको, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मेमध्ये जॉइन व्हायचंय.

त्याचं म्हणणं आपण बेरिकला घर घेऊ. बेरिक-अपॉन-ट्वीड, रेल्वेने न्यूकासल पाऊण तास आणि एडिंबराही साधारण तेवढंच, म्हणजे तो तिकडे जाईल आणि लेक इकडे येईल, घर एकच राहील. भाडंही इथल्यापेक्षा बरंच कमी. नकाशावर बघितलं तर अगदी शहाणपणाचा विचार आहे. पण बेरिक इंग्लंडमध्ये आहे. गावापासून चारेक किलोमीटर उत्तरेला बॉर्डर, आणि तेवढ्या चार किलोमीटरने लेकीच्या फीचा आख्खा हिशोब बदलतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे स्कॉटलंडच्या मुलांची पहिल्या डिग्रीची ट्यूशन फी सरकार भरतं. सास म्हणून एजन्सी आहे (स्टुडंट अवॉर्ड्स एजन्सी स्कॉटलंड), ती वर्षाला १,८२० पौंड थेट युनिव्हर्सिटीला देते, मुलाच्या खिशातून काही जात नाही. मात्र दरवर्षी अर्ज करावा लागतो. त्याच वर्गात इंग्लंडहून आलेल्या मुलीला २०२५-२६ ला ९,५३५ पौंडांपर्यंत फी आहे, चार वर्षांची धरली तर ३८ हजारांच्या वर, बहुतेक सगळी लोन काढून. आणि स्कॉटलंडचं कोण हे ठरवताना जन्म कुठला, आडनाव काय, आईबाप कुठले, यातलं काही विचारत नाहीत. तीन वर्षं सलग युकेमध्ये राहिलेलं असावं, सेटल्ड असावं, म्हणजे इथे कायम राहायचा हक्क असावा (आमचे ब्रिटिश पासपोर्ट २०१९ ला झाले), इथे मुख्यतः शिकायलाच आलेलं नसावं, आणि कोर्स सुरू होतो त्या वर्षीच्या १ ऑगस्टला तुमचं नेहमीचं राहतं घर स्कॉटलंडमध्ये असावं. ऑर्डिनरिली रेसिडेंट हा त्यांचा शब्द. गेला महिनाभर तो माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आता अडचण बघा. नवऱ्याची नवी कंपनी घर हलवायचा खर्च देतेय, ५,००० पौंड, पण कुटुंब ३१ जुलैपर्यंत हललं तरच. एकतीस जुलै! एका दिवसाचा फरक. आमच्या इथल्या घराचं लीजही जूनअखेर संपतंय आणि घरमालकीणबाई म्हणतात दोन महिन्यांसाठी वाढवून देणार नाही, सहा महिन्यांचं करा.

परवा रात्री जेवणं झाल्यावर टेबल तसंच ठेवून तिघं बसलो होतो. काउन्सिल टॅक्सचं बिल, लीजचा कागद, नवऱ्याचं ऑफर लेटर, सगळं पसरलेलं, एका कागदावर आमटीचा डाग पण पडला. नवरा आकडे मांडत होता. लेक बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आई, मी इथलीच आहे ना? मग हे एका तारखेवर कसं काय?" मला उत्तर देता आलं नाही, उठून भांडी घासायला लागले.

उत्तर का देता आलं नाही ते सांगते. मी बेळगावची. १९९७ ला बारावी झाले, इंजिनिअरिंगला महाराष्ट्रात जायचं तर सीमाभागाच्या राखीव जागेतून. त्यासाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागायच्या, शिक्षण वादग्रस्त सीमाभागात झालंय आणि मातृभाषा मराठी आहे. आमच्या हेडसरांनी स्वतःच्या हाताने दाखला लिहून दिला, "कुमारी अमुकअमुक हिची मातृभाषा मराठी असून", निळ्या शाईत, खाली शाळेचा गोल शिक्का. तो घेऊन कोल्हापूरला एका कचेरीत गेले तर खिडकीतल्या माणसाने आडनाव वाचलं आणि म्हणाला हे तर कानडी दिसतंय. माझे बाबा १ नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या फेरीत दरवर्षी चालणारे, ते शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. कर्नाटकात आम्ही मराठी म्हणून बाजूचे आणि महाराष्ट्रात येऊन मराठी आहे हे सिद्ध करा. ॲडमिशन मिळाली शेवटी, पण ते सिद्ध करणं मनातून गेलं नाही.

म्हणून इथे आल्यावर मला हे फार मोठं वाटलं होतं की कोणी भाषा, रक्त काही विचारत नाही. २०१४ च्या, स्कॉटलंडने वेगळं व्हायचं का या सार्वमतात तर आम्ही भारतीय पासपोर्टवर मत दिलंय! कॉमनवेल्थचे नागरिक आणि इथले रहिवासी एवढं पुरेसं होतं, आणि स्कॉटलंडमध्ये जन्मून लंडनला गेलेल्या माणसाला मत नव्हतं. इथले पहिले आशियाई एमएसपी (स्कॉटलंडच्या संसदेचे सदस्य) बशीर अहमद म्हणायचे की आपण कुठून आलो हे महत्त्वाचं नाही, मिळून कुठे चाललोय ते महत्त्वाचं. इथला राष्ट्रवाद राहणाऱ्याला आपला म्हणतो, हे मी बेळगावच्या मैत्रिणींना किती वेळा अभिमानाने सांगितलं असेल. कुणाला मत दिलं ते इथे सांगत नाही, तो वाद नको प्लीज.

पण आता दुसरी बाजू दिसायला लागली. लेकीच्या स्विमिंग क्लबातली एक मैत्रीण बेरिकची आहे. तिची आजी एडिंबरात आहे, ती मुलगी शनिवार-रविवार इथेच असते, बोलते पण अशी की आमच्या लेकीपेक्षा तीच जास्त स्कॉटिश वाटावी. तिला त्याच युनिव्हर्सिटीत पूर्ण फी. आणि नवऱ्याच्या जुन्या ऑफिसातल्या एका पोलिश माणसाचा पुतण्या २०१९ ला थेट वॉर्सातून आला, त्याला फी माफ, कारण तेव्हा युरोपियन युनियनच्या नियमाने दुसऱ्या देशाच्या नागरिकांत भेद करता यायचा नाही, पण एकाच देशातल्या दोन भागांत करता यायचा. ते २०२१-२२ पासून नव्याने येणाऱ्यांसाठी बंद झालं. बेरिकवाल्यांना मात्र आधीही भरावी लागायची आणि आताही लागते. ते गाव पूर्वी किती वेळा या राज्यातून त्या राज्यात गेलंय, शेवटी १४८२ ला इंग्लंडकडे राहिलं ते आजतागायत. बेळगावातून वेंगुर्ला रोडने बाची ओलांडून शिनोळीला गेलं की राज्य बदलतं, रस्ता तोच, शेत तसंच. मला ते इथे पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं.

मला नियमाशी भांडायचं नाहीये. पैसा स्कॉटलंडच्या संसदेच्या बजेटमधून जातो तर कुठेतरी रेघ ओढावीच लागणार हे मला कळतं. १९९८ ला युकेभर १,००० पौंडांची फी लावली, इथे संसद आल्यावर २००० मध्ये ती काढली, डिग्रीनंतर भरायची एक रक्कम राहिली होती ती २००८ ला काढली. लोकांनी मागून, भांडून मिळवलेली गोष्ट आहे ही. शिवाय या जागा मोजक्या असतात, सरकार किती मुलांचे पैसे देणार हे ठरलेलं असतं, म्हणजे आम्ही ती जागा घेतली तर दुसऱ्या कुणाची तरी जाते. त्यामुळे खोटं काही करायचं नाही हे माझं पक्कं आहे. नणंद म्हणाली नुसता पत्ता कुणाच्या तरी घरचा द्या आणि निघा, पंधरा वर्षं सगळे असंच करतात म्हणे. तसलं सल्ले म्हणून इथे देऊ नका ही विनंती.

मला हवंय ते हे. नवरा मेमध्ये एकटा गेला, न्यूकासलला खोली घेऊन राहिला, आणि आम्ही दोघी इथेच खऱ्याखुऱ्या राहिलो, तर "कुटुंबाचं घर" कुठलं धरतात? लेक येत्या ऑक्टोबरात अठरा पूर्ण होईल, तर तिचं स्वतःचं राहणं बघतात की वडिलांचं? असं कुणी केलं असेल तर सासने कुठले कागद मागितले, लीज, काउन्सिल टॅक्स, जीपीचं (फॅमिली डॉक्टरचं) रजिस्ट्रेशन, अजून काय? आणि आम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरात बेरिकला गेलो, ती तिथून रेल्वेने कॉलेजला जायला लागली, तर दुसऱ्या वर्षीच्या अर्जात इंग्लंडचा पत्ता आल्यावर कुणाला त्रास झालाय का? मला आकड्यांपेक्षा याचीच जास्त भीती आहे, की पहिलं वर्ष सुरळीत जाईल आणि मध्येच कुणीतरी पत्र पाठवेल.

सहा महिन्यांचं लीज केलं तर भाडं जातं आणि कंपनीचे ५,००० ही जातात. तरी ३८ हजारांपुढे ते काहीच नाही, हिशोब सोपा आहे. अवघड आहे ते नवऱ्याला समजावणं. त्याला वाटतं मी त्याला एकट्याला पाठवतेय. चार महिने घरी बसून होता, आता कुठे नोकरी लागलीय आणि पहिल्या दिवशी रिकाम्या खोलीत जाऊन झोपायचं. हेही कुणी निभावलं असेल तर लिहा, खरंच.

अपडेट: विचारलंत म्हणून सांगते, लेकीला इंग्लंडमधल्या युनिव्हर्सिटीत जायचं नाही, तिकडच्या फीला सासकडून लोन मिळतं हे माहीत आहे. ज्यांनी २०२२ च्या कोर्ट ऑफ सेशनच्या (इथल्या वरच्या दिवाणी कोर्टाच्या) निकालाचं लिहिलंय, तो मी वाचला. त्यात निम्मं आयुष्य युकेमध्ये काढलेलं असावं ही अट हक्कांच्या विरोधात ठरवली होती. ती अट आम्हाला लागूच नव्हती, पण निकाल वाचून धीर आला, की नियमाच्या काठावरच्या मुलांचं म्हणणं कुणीतरी ऐकून घेतलं.

आणि दुपारी घरमालकीणबाईंशी पुन्हा बोलले. तीन महिन्यांवर आल्यात, सप्टेंबरअखेरपर्यंत. लेक शाळेतून आली की तिला आधी सांगणार, मग नवऱ्याला. सोमवारी सकाळी सासला फोन करणार आहे, त्याआधी कागदांचं कुणाला माहीत असेल तर लिहून ठेवा.