सोलरच्या बॅकअप हीटरला वायफाय स्विच की साधा टायमर?

गच्चीवरचा_लातूरकर
गच्चीवर पाणी तापवायचं 200 लिटरचं ट्यूबवालं सोलर आहे, टाकीत 2 किलोवॅटचा हीटर. पाणी बोअरचं, चांगलंच जड. पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाणी कोमट येतं, तेवढ्यापुरता हीटर लागतो. सध्या जिन्यात साधा स्विच आहे, रात्री चालू केला की बंद करायचा राहतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो 16 अँपिअरचा वायफाय प्लग लावा, सोलरवाला म्हणतो टायमर पुरे. राउटर तळमजल्यावर. लाइट रोज थोडीफार जातेच. काय लावू?

पॅनल_वायरिंग_नांदेड
भाऊ, वायफाय की टायमर हे नंतर. आधी हीटरचा करंट त्या प्लगमधून नेऊ नका. 2 किलोवॅट म्हणजे 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअर, तेही सलग दोन तास. पिन थोडी सैल असली तरी सॉकेट तापतं, प्लास्टिक पिवळं पडतं, मग प्लगमधला रिले, म्हणजे लाइन जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, चिकटतो. चिकटलेला रिले मोबाइलवर ‘बंद’ दिसतो आणि हीटर चालूच असतो.

25 अँपिअरचा दोन पोलचा काँटॅक्टर घ्या, म्हणजे जड करंटचा स्विच, जो आतल्या कॉइलला लाइट मिळाली की जोडला जातो. कॉइल 230 व्होल्टची. टायमर असो वा वायफाय स्विच, त्याने फक्त ही कॉइल ओढायची, हीटरचा करंट काँटॅक्टरमधून जाईल. मागे 16 अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की पडते), 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की पडते), 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. टाकीच्या बॉडीला अर्थिंग पक्की हवी, हीटरचं आवरण फुटलं की करंट पाण्यातूनच नळापर्यंत येतो. टाकीचा थर्मोस्टॅट आणि पाणी फार तापलं की लाइन तोडणारा कटआउट लाइनीतच राहू द्या. ‘आता मोबाइलवरून बंद होतं’ म्हणून थर्मोस्टॅट बायपास करणारे महाभाग आहेत, म्हणून सांगतोय.

ऊन_आणि_युनिट
टायमरवाल्याचं बरोबर आहे, पण वेळ चुकली तर टायमरही बिल वाढवतो.

200 लिटर पाणी 1 अंश तापवायला साधारण 0.23 युनिट लागतं. दोन तास हीटर म्हणजे 4 युनिट, पाणी 17 अंशांनी वर. कोमट 30 चं 47 होतं, अंघोळीला भरपूर. म्हणून पहाटे 4:30 ते 6:30 एवढंच लावा. संध्याकाळी लावलं तर रात्रभर उष्णता जाते. शिवाय न वापरलेलं गरम पाणी दुसऱ्या दिवशी टाकीतच बसतं आणि फुकटच्या उन्हाला तापवायला थंड पाणीच उरत नाही. खरा तोटा हा.

थर्मोस्टॅट 60 वर असेल तर 48 वर आणा. नाहीतर टाकीत 50 अंशांचं पाणी असूनही हीटर सुरू होतो.

टायमर बॅटरी बॅकअपचाच घ्या. तबकडीवर पिना दाबायचा बिनबॅटरीचा टायमर लाइट जाईल तेवढा मागे पडतो. रोज तासभर गेली तर आठवड्यात सात तासांचा फरक, म्हणजे पहाटेचा हीटर भर दुपारी.

सेन्सर_बरा
वरच्या उत्तरात एक गोष्ट सुटली. आडव्या टाकीत थंड पाणी खालून शिरतं, गरम वर तरंगतं. थर्मोस्टॅटची दांडी खाली असेल तर संध्याकाळी दोन बादल्या वापरल्या की तिला थंडच लागतं, वर शंभर लिटर गरम असलं तरी. 48 वर आणूनही हीटर उगाच चालतो. वायफायचा उपयोग इथे आहे: टाकीच्या वरच्या पॉकेटमध्ये (सेन्सर घालायच्या नळीत) 10 के चा एनटीसी, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, 40 च्या खाली असेल तरच पहाटे कॉइल ओढायची. उन्हाळ्यात हीटर आपोआप गप्प.

पण तीन गोष्टी बघून घ्या. वेळापत्रक स्विचच्या आत साठतं की नेटवर, ते बघा. नेटवरचं असेल तर राउटर बंद असताना काहीच होत नाही. लाइट आल्यावरची स्थिती ‘बंद’ ठेवा. आणि स्विचचा डबा प्लास्टिकचा, जिन्याच्या टॉवरमध्ये. लोखंडी डब्यात आणि दोन स्लॅबखालून सिग्नल पोचत नाही.

पॅनल_वायरिंग_नांदेड
सेन्सरचं मान्य. तरी जड पाण्यात पॉकेटवर क्षार बसतात, मग वाचन उशिरा येतं. हीटरवर तर बसतातच. थर जाड झाला की हीटरच्या कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, आतून तापून जळते. वर्षातून एकदा हीटर काढून सायट्रिक ॲसिडमध्ये बुडवा, टाकी गंजू नये म्हणून आत असतो तो मॅग्नेशियमचा रॉडही तेव्हाच बदला. गॅस्केट नवं आणून ठेवा, जुनं परत बसत नाही.

गच्चीवरचा_लातूरकर
म्हणजे टायमर, काँटॅक्टर आणि हवं तर सेन्सर. एक विचारायचं राहिलं, उन्हाळ्यात सोलरला पाणी देणारी वरची थंड पाण्याची टाकी कधी कधी कोरडी पडते. तेव्हा?

ऊन_आणि_युनिट
मग आधी हेच करा. सोलरला जाणारी थंड लाइन बाथरूमच्या लाइनीशी जोडलेली असेल आणि पाणी उलटं न जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल, तर वरची टाकी रिकामी झाल्यावर सोलरचं पाणी त्याच लाइनीतून उलटं उतरतं. हीटर उघडा पडतो, चालू केला की काही मिनिटांत जळतो. गावाला जाऊन मोबाइलवरून चालू करणाऱ्याला टाकी कोरडी आहे हे कळणार कुठून? व्हॉल्व्ह बसवा, आणि वरच्या टाकीतला फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा) काँटॅक्टरच्या कॉइलच्या वायरीत सिरीजमध्ये घ्या, पाणी खाली गेलं की सर्किट तुटेल असा. फ्लोटची वायर उलटी जोडली जाते, म्हणून टाकी भरलेली असताना फ्लोट हाताने उचलून-सोडून काँटॅक्टरचा आवाज ऐका. आणि ट्यूबा उन्हात कोरड्या तापल्या असतील तर दुपारी पाणी सोडू नका, तडकतात. संध्याकाळी थंड झाल्यावर भरा.