कॉलवर ऑब्जेक्ट कुठल्या टाइपचा, बाइटकोड वाचून सांगता येतं का?

घाटावरचा_कोडर:
जुन्या जावा प्रोजेक्टमधला न वापरलेला कोड काढायचं काम माझ्याकडे आलंय, दोन आठवडे क्लास फाइली (त्यात बाइटकोड, म्हणजे कंपाइल झालेला जावा कोड असतो) उघडून बसलोय आणि माझं मत झालंय की प्रोग्राम न चालवता बहुतेक कॉलवर कुठली मेथड लागणार ते काढता येतं. आमच्याकडे पेमेंट इंटरफेस आहे, त्याचे तीन क्लास: यूपीआय, कार्ड, कॅश. कॉलवर नुसतं इन्व्होकइंटरफेस (इंटरफेसवरची मेथड बोलावण्याची सूचना) आणि पेमेंट एवढंच दिसतं, पण थोडं वर गेलं की न्यू यूपीआय, डुप, इन्व्होकस्पेशल, अ‍ॅस्टोर १, मग अ‍ॅलोड १. म्हणजे यूपीआयचा ऑब्जेक्ट बनवून जागा १ मध्ये ठेवला आणि तिथूनच परत घेतला. मध्ये कोणी त्या जागेत लिहिलेलं नाही, म्हणजे तिथे यूपीआयच, दुसरं काही असूच शकत नाही.

रात्रपाळी:
एका मेथडच्या आत ठीक आहे हो. तोच ऑब्जेक्ट लिस्टमध्ये टाकून दुसरीकडे काढा, जेनेरिक्स (लिस्टमध्ये कुठला टाइप आहे ही माहिती) तर कंपाइल करताना इरेज झालेले, गेट देतो साधा ऑब्जेक्ट आणि पुढे चेककास्ट पेमेंट (पेमेंट आहे एवढीच तपासणी), मग परत तिन्ही शक्यता आल्याच ना? जेव्हीएमचा (जावा कोड चालवणाऱ्या यंत्रणेचा) व्हेरिफायर, म्हणजे बाइटकोड तपासणारा भाग, तोसुद्धा इंटरफेसला ऑब्जेक्टसारखंच धरतो, चुकीचा निघाला तर रनटाइमला एरर.

घाटावरचा_कोडर:
व्हेरिफायरला फक्त सुरक्षिततेशी मतलब, आपण टाइपचा अख्खा सेट धरून चालायचं. १९९५ च्या क्लास हायरार्की अ‍ॅनालिसिसने इंटरफेसखालचे सगळेच क्लास धरून तीन येतात मान्य, पण १९९६ मध्ये बेकन आणि स्वीनीने मांडलेलं आरटीए (रॅपिड टाइप अ‍ॅनालिसिस) लावलं, म्हणजे पोचता येणाऱ्या कोडमध्ये ज्याचा न्यू आहे तेच क्लास धरायचे, तर कॅश गळाला कारण त्याचा न्यू कुठेच नाही. तीनाचे दोन झाले की, तेही लिस्टला हात न लावता.

रात्रपाळी:
न्यू नाही म्हणून गळाला, इथेच घात होतो. आधीच्या नोकरीत मी असाच एक क्लास काढला, सगळ्या टेस्ट पास, आणि महिनाअखेरीच्या बॅचला क्लासनॉटफाउंड. नाव एक्सएमएलमध्ये होतं, क्लास.फॉरनेमने (रिफ्लेक्शन, म्हणजे चालू असताना नावावरून क्लास शोधणं) लोड व्हायचा. रात्री दोनला उठून जुना जार परत चढवला, अजून आठवतंय. शिवाय जावा ८ पासून लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) म्हणजे इन्व्होकडायनॅमिक सूचना, त्याचा क्लास रनटाइमलाच बनतो, तो कुठे वाचणार?

बाइटकोडवाली:
लॅम्डाचं एवढं भय नको. लॅम्डाचा क्लास बनवणाऱ्या लॅम्डामेटाफॅक्टरीला जाणारं मेथड हँडल (मेथडचा संदर्भ) क्लास फाइलच्या कॉन्स्टंट पूलमध्येच असतं, तिथून खरी मेथड सरळ कळते. रिफ्लेक्शनचं मात्र पटलं. ग्रालव्हीएमची नेटिव्ह इमेजसुद्धा (जावा प्रोग्रामचा आधीच मशीन कोड बनवणारं साधन) जे स्वतःला कळत नाही ते कॉन्फिग फाइलमध्ये आपल्याकडून लिहून घेते.

रात्रपाळी:
म्हणजे शेवटी माणसानेच सांगायचं, मी तेच म्हणतोय. हॉटस्पॉट, म्हणजे नेहमीचा जेव्हीएम, तोसुद्धा हायरार्की बघून एकच मेथड धरतो पण नवा सबक्लास लोड होऊन अंदाज मोडला तर तो कोड टाकून देऊन परत मागे येतो. क्लास डिलीट करून रिलीज दिल्यावर तुम्ही कसे मागे येणार?

घाटावरचा_कोडर:
रात्रपाळी, तुमचं वाचून रिसोर्स फोल्डरमध्ये क्लासची नावं ग्रेप केली (मजकुरात शोधली). अकरा सापडली, त्यातली चार माझ्या काढायच्या यादीत होती, कॅशसुद्धा! चारही परत ठेवली, आता तीच नावं मुळं (वापरलेलीच आहेत असं धरून सुरुवात करायचे क्लास) म्हणून देऊन आरटीए पुन्हा चालवतोय. नावं कोडमध्येच तुकडे जोडून बनवलेली असतील तर ग्रेपला दिसणार नाहीत, म्हणून फॉरनेमच्या प्रत्येक कॉलवर लॉग टाकलाय, तो महिनाअखेरीची बॅच होईपर्यंत ठेवणार आणि तोवर डिलीट काहीच नाही. पण न्यू ते कॉल सलग दिसतंय तिथे माझं मत तेच आहे, तिथे चालवून बघायची गरज नाही.