प्रबंधातील आकडेमोड मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर केली, तर परीक्षक ती मान्य करतील का?

ग्राफवाली_नागपूर

सर्वांना नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयात शिकवते आणि नोकरी सांभाळून ग्राफ सिद्धांतात (ग्राफ म्हणजे शिरोबिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा) पीएच.डी. करते आहे. माझा विषय पूर्णांकी ग्राफ हा आहे, म्हणजे ज्यांच्या अॅडजसन्सी मॅट्रिक्सची (कोणते शिरोबिंदू कडेने जोडलेले आहेत ते ० आणि १ ने दाखवणाऱ्या कोष्टकाची) सगळीच्या सगळी आयगेनमूल्ये, म्हणजे त्या मॅट्रिक्सशी निगडित विशिष्ट संख्या, पूर्णांक येतात असे ग्राफ. हे ग्राफ नेमके कोणते, हा प्रश्न हरारी आणि श्वेंक यांनी १९७४ मध्ये मांडला आणि त्याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. माझ्या तिसऱ्या प्रकरणातील मुख्य प्रमेय अशाच एका ग्राफकुळाविषयी आहे. चाळीसपेक्षा जास्त शिरोबिंदू असतील तेव्हा निव्वळ युक्तिवादाने काम भागते. चाळीसपर्यंतची प्रकरणे मात्र एकेक करून संगणकावर तपासावी लागतात, आणि ती तपासणी हा सिद्धतेचाच भाग आहे.

ही तपासणी मी महाविद्यालयाने विकत घेतलेल्या एका व्यावसायिक पॅकेजवर केली होती. त्याचा परवाना मार्चअखेर संपला आणि नूतनीकरणाची फाईल अजून टेबलांवरून फिरते आहे. परवाना चालू होता तेव्हाही पॅकेज फक्त प्रयोगशाळेतील एकाच संगणकावर चालत असे, आणि मे महिन्यात तिथल्या कूलरचे पाणी संपले की तो संगणक तापून बंद पडे व रात्रभराचे काम वाया जाई. शेवटी बर्डीवरून घेतलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर सेजमॅथ (सेज) हे मुक्तस्रोत गणिती सॉफ्टवेअर उतरवून घेतले, आणि तेव्हा एक जुनी शंका पुन्हा वर आली. व्यावसायिक पॅकेज काही ठिकाणी २.९९९९९९९९९९९९९९९६ असे आयगेनमूल्य देत असे आणि 'हा पूर्णांक आहे का' असे विचारल्यावर 'होय' म्हणत असे. ते 'होय' म्हणताना किती सूट देते, हे मला त्याच्या मदतपुस्तिकेत कुठेही सापडले नाही.

माझ्या मार्गदर्शक सरांचे म्हणणे असे आहे की, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर परीक्षक विश्वास ठेवणार नाहीत, विकतच्या वस्तूमागे निदान कोणीतरी जबाबदार असते. पुढच्या महिन्यात संशोधन सल्लागार समितीची बैठक आहे. सरांपुढे आणि समितीपुढे ही बाजू कशी मांडावी, आणि मुळात ही बाजू बरोबर आहे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


अजनीचा_अभियंता

मी गणितज्ञ नाही; संख्यात्मक आकडेमोड हा माझा रोजचा व्यवसाय आहे. मला वाटते आपण दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत करत आहात. आपली अडचण सॉफ्टवेअर खुले की बंद ही नसून आकडेमोड अचूक की अंदाजी ही आहे.

दहा शिरोबिंदूंचा ग्राफ घ्या. त्याचे प्रत्येक आयगेनमूल्य −९ ते ९ यांच्या दरम्यान असते. त्यांपैकी एखादे पूर्णांक नसेल, तर त्याची न्यूनतम बहुपदी (ते जिचे मूळ आहे अशी सर्वांत लहान घाताची बहुपदी) पूर्णांक सहगुणकांची असून तिला पूर्णांक मूळ नसते. म्हणून कोणताही पूर्णांक तिच्यात घातला तरी उत्तर शून्येतर पूर्णांक येते, म्हणजे निरपेक्ष मूल्याने किमान १. आता −९ ते ९ मधील ज्या पूर्णांकाच्या जवळ ते आयगेनमूल्य दिसते आहे तो घाला. उरलेल्या मुळांपासून त्याचे अंतर प्रत्येकी १८ पेक्षा जास्त असू शकत नाही. त्यामुळे ते आयगेनमूल्य त्या पूर्णांकाला १ भागिले १८ चा नववा घात यापेक्षा अधिक चिकटू शकत नाही. १८ चा नववा घात म्हणजे सुमारे वीस हजार कोटी. नेहमीच्या दुहेरी अचूकतेत (सुमारे सोळा अंकांपर्यंतच्या आकडेमोडीत) एवढा फरक स्पष्ट दिसतो, म्हणून दहा शिरोबिंदूंसाठी अंदाजी आकडेमोडीनेही चोख सिद्धता देता येते, फक्त सूट किती ठेवली ते आपण सांगायला हवे. चाळीस शिरोबिंदूंना मात्र हाच हिशेब ७८ च्या एकोणचाळिसाव्या घातावर जातो आणि दुहेरी अचूकता तिथे काहीच सिद्ध करू शकत नाही. तेव्हा पूर्णांकांतच वैशिष्ट्य बहुपदी (जिची मुळे म्हणजेच आयगेनमूल्ये) काढून तिचे अवयव पाडणे हा सरळ मार्ग आहे. ती सोय विकतच्या पॅकेजातही असते.

राहिले 'खुले म्हणून विश्वासार्ह' हे. इंटरनेटवरची माहिती कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधील हार्टब्लीड हा दोष २०१२ पासून २०१४ पर्यंत सगळ्या जगाला वाचता येईल अशा कोडमध्ये पडून होता. वाचता येणे आणि कोणीतरी वाचलेले असणे यांत अंतर आहे.


निवृत्त_मास्तर_धरमपेठ

अभियंता महोदयांचा अंतराचा हिशेब सुरेख आहे आणि ताईंनी तो प्रबंधात जरूर घ्यावा. 'अचूक आकडेमोडीची सोय विकतच्या पॅकेजातही असते' या वाक्यापाशी मात्र मी थबकलो, कारण त्याच सोयीने तिघा स्पॅनिश गणितज्ञांना कसे फसवले याची हकीकत अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नोटिसेसमध्ये २०१४ साली छापून आली आहे. ते मोठमोठ्या पूर्णांकांच्या मॅट्रिक्सचे निश्चयक (डिटर्मिनंट) मॅथेमॅटिका या विकतच्या पॅकेजवर काढत होते. त्यात कुठेही दशांश नव्हते, अंदाज नव्हता; तरी उत्तरे चुकत होती, इतकेच नव्हे तर तेच निश्चयक पुन्हा काढले की वेगळे उत्तर येत होते. मेपल या दुसऱ्या पॅकेजवर काढलेल्या उत्तरांशी ताळा जमेना तेव्हा त्यांच्या हे ध्यानात आले. चूक कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये असू शकते, सेजमध्येही असते. पण इथे चूक कुठे आहे हे शोधण्यासाठी त्यांना आत शिरताच येत नव्हते. बाहेरून उदाहरणे जमवून कंपनीला कळवणे एवढेच त्यांच्या हाती होते.

माझा मुद्दा हार्टब्लीडने खोडला जात नाही. छापलेली सिद्धता प्रत्येकजण वाचतो असे थोडेच आहे. पुष्कळ शोधनिबंध लेखक आणि परीक्षक यांच्यापलीकडे कोणी ओळीओळीने वाचत नाही. तरीही जिची मधली पायरी झाकून ठेवली आहे ती सिद्धता आपण छापू देत नाही, कारण शंका आलेल्याला ती उघडून पाहण्याचा हक्क असला पाहिजे. देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा ६१७४ घ्या. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेलो, की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. सगळ्या संख्या तपासणे हीसुद्धा याची सिद्धताच आहे, आणि ज्याचा विश्वास नसेल तो पाटी घेऊन बसू शकतो. तेच काम यंत्रावर सोपवले की यंत्राने काय केले ते सांगण्याची जबाबदारी संपत नाही.

गॅप ही समूह सिद्धांताची प्रणाली आखेनमध्ये १९८६ साली ज्यांच्या पुढाकाराने सुरू झाली, ते योआखिम नॉयब्यूझर असे म्हणत की सायलोचे प्रमेय आणि त्याची सिद्धता ग्रंथालयात फुकट वाचून जन्मभर वापरता येते, आणि त्याच प्रमेयावर चालणारा प्रोग्राम मात्र पैसे भरून, आतले न पाहता वापरावा लागतो. तुमच्या सरांना एवढेच विचारा की प्रबंध ते कशात टाईप करवून घेणार आहेत. लाटेकमध्येच ना? त्याच्या पोटातील टेक हा कनूथ यांचा प्रोग्राम असून त्याचा सगळा कोड खुला आहे आणि त्यात चूक दाखवणाऱ्याला कनूथ ३२७.६८ डॉलरचे बक्षीस देत आले आहेत. जबाबदारी म्हणतात ती ही. परवान्याच्या करारात सहसा नेमकी हीच जबाबदारी कंपनी नाकारते. सरांनी एकदा तो करार वाचावा.


गॅप_आणि_चहा

मी स्वतः बीजगणितात संशोधन करतो आणि सेज व गॅप रोज वापरतो, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो.

सेजमध्ये कोणत्याही फंक्शनच्या नावापुढे दोन प्रश्नचिन्हे टाकून एंटर दाबले की त्याचा मूळ कोड पडद्यावर येतो. समितीपुढे लॅपटॉप उघडून हे एकदा करून दाखवा. मात्र तिथेच थांबू नका. सेज हे २००५ मध्ये विल्यम स्टाईन यांनी सुरू केले तेव्हापासूनच नवी चाके न घडवता आधीची चाके जोडण्याच्या धोरणाने वाढले आहे, त्यामुळे त्याचे पुष्कळ काम आतून पारी, फ्लिंट, लिनबॉक्स, गॅप, मॅक्सिमा असे इतर प्रकल्प करतात. यातून एक सापळा तयार होतो. 'मी सेज आणि पारी अशा दोन स्वतंत्र प्रणालींवर उत्तर पडताळले' असे लोक लिहून मोकळे होतात, आणि सेजने ते काम मुळात पारीकडेच पाठवलेले असते. एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदा नोंदवण्यासारखे ते आहे. आपल्या मॅट्रिक्ससाठी आतून कोण धावते ते कोड वाचून ठरवा आणि दुसरी तपासणी त्याच्याशी संबंध नसलेल्या मार्गाने करा. फादेव–लेव्हेरिए पद्धतीने वैशिष्ट्य बहुपदी काढणारा प्रोग्राम साध्या पायथनमध्ये पंचवीसेक ओळींत बसतो. पायथनचे पूर्णांक लागतील तेवढे मोठे होतात, आणि त्या पद्धतीतील भागाकार नेहमी नि:शेष जातो, म्हणून दशांशाचा संबंधच येत नाही.

आपल्या कुळाकडे वळण्याआधी ज्ञात आकड्यांवर प्रोग्राम चालवून पाहा. आठ शिरोबिंदूंचे जोडलेले ग्राफ ११,११७ आहेत, त्यांपैकी पूर्णांकी २२. नऊचे २,६१,०८० आहेत, त्यांपैकी पूर्णांकी २४. ग्राफांची यादी ब्रेंडन मॅके यांच्या नॉटी या ग्राफांसाठीच्या सॉफ्टवेअरमधील जेंग हा प्रोग्राम क्षणात देतो. हे आकडे जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका. प्रबंधात सेजची आवृत्ती, पायथनची आवृत्ती आणि पूर्ण स्क्रिप्ट परिशिष्टात द्या, आणि तीच स्क्रिप्ट सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेच्या झेनोडो या ऑनलाइन संग्रहावर ठेवून कायमचा क्रमांक घ्या.

एक गोष्ट मास्तरांच्या बाजूने असूनही मास्तरांनी सांगितली नाही: हे सगळे फुकट बनत नाही. स्टाईन यांनीच पुढे प्राध्यापकपद सोडून स्वतःच्या कंपनीचे काम पूर्णवेळ पत्करले, कारण सेजसाठी विद्यापीठीय व्यवस्थेत पैसा उभा राहत नव्हता. आपल्याकडे 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेत संशोधनपत्रिकांसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये २०२४ मध्ये मंजूर झाले. त्या पत्रिकांतील निकाल ज्या प्रोग्रामांवर उभे असतात त्यांची डागडुजी मात्र जगभर थोडी माणसे, बरेचदा रात्री जागून, करतात. आपल्याला एखादी चूक सापडली तर ती कळवा, ही वर्गणी आपल्यालाही परवडते.


ग्राफवाली_नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण आधी सांगितलेले करून पाहायचे होते.

दोन प्रश्नचिन्हांचा प्रयोग केला आणि आतून कोण धावते ते शोधता शोधता एक पूर्ण दुपार गेली. पहिला कोड पुढच्या कोडकडे बोट दाखवतो आणि तो त्याच्या पुढच्याकडे. पण साखळीला शेवट आहे, हे समजल्यावर बरे वाटले. फादेव–लेव्हेरिएचा प्रोग्राम मी स्वतः लिहिला, तो एकतीस ओळींचा झाला. आठ शिरोबिंदूंना दोन्ही मार्गांनी २२ आले, नऊला पहिल्या खेपेस माझ्या प्रोग्रामने २३ दिले. चूक माझीच होती. दुरुस्त केल्यावर २४ आले. चाळीसपर्यंतच्या माझ्या कुळाची तपासणी आता दोन्ही मार्गांनी पूर्ण झाली असून निकाल जुळतात.

काल त्या एकतीस ओळी छापून सरांकडे नेल्या. त्यांनी संगणकाला हात लावला नाही. चार शिरोबिंदूंचा पूर्ण ग्राफ कागदावर काढला, माझ्या प्रोग्रामच्या पायऱ्या पेन्सिलने एकेक करून चालवल्या आणि −६, −८, −३ हे सहगुणक काढले. मग −६ म्हणजे सहा कडा आणि −८ म्हणजे चार त्रिकोणांची दुप्पट, असे बाजूला लिहून कागद माझ्याकडे सरकवला आणि हे पान परिशिष्टाच्या सुरुवातीला लावा, असे म्हणाले.